परभणीला जाऊन आलो आणि टेबल हलवले

मराठवाड्यात जुन्या माणसांच्या तोंडी एक म्हण अजून ऐकू येते : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ दुसरीकडे जमले तर उत्तम, नाही जमले तर परभणी आहेच! आम्हा पूर्णेकरांना ही म्हण कधी पटली नाही. आमचे अडलेले प्रत्येक काम आधी परभणीलाच जाते. जिल्हा कचेरी तिथे, जिल्हा कोर्ट तिथे, मोठा सरकारी दवाखाना तिथे. त्यामुळे कोणी सकाळी परभणीचे तिकीट काढले की, घरात काहीतरी अडचण आहे असे शेजारीपाजारी धरून चालतात.

आम्ही चौघे निघालो तेव्हाही तसेच झाले. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मावशींनी हटकलेच, “कुठं निघालाव रे बाबांनो? दवाखाना का कोर्ट?”

“नाही मावशी. वाचनालयाचं शिकायला चाललाव.”

“त्यात काय शिकायचं? पुस्तक द्यायचं अन् वापस घ्यायचं!”

खरे सांगायचे तर आम्हालाही आतून तसेच वाटत होते. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. आवक-जावक, पावती, शिल्लक हे आमच्या हाताला बसलेले. वस्तीतल्या दोन खोल्यांच्या वाचनालयाचा हिशेब गेली कित्येक वर्षे आमच्याकडे आहे. आमच्यासोबत रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका होते, एक अंगणवाडीताई होत्या आणि वाचनालयाची किल्ली सांभाळणारी बावीस वर्षांची एक मुलगी होती. वाचनालयात काम करणाऱ्यांसाठी परभणीत एक दिवसाचे शिबिर आहे, असे पत्र आले होते. विषय होता : वाचनालयात येणारा माणूस अडचणीत असेल तर त्याच्याशी कसे वागावे. विषय वाचून काका म्हणाले होते, “हे दवाखान्याचं काम, आपलं न्हाई.” तरी आले. परभणीला त्यांचे दुसरे कामही होते, पेन्शनीचे.

डब्यातली माणसे

पूर्णा ते परभणी हे अंतर तीसएक किलोमीटरचे. मधे मिरखेल आणि पिंगळी ही दोन स्टेशने. दिवाळी होऊन गेली होती. रुळाच्या दोन्ही अंगांना कापसाची वेचणी चालू होती, तुरीला पिवळा फुलोरा आला होता. बायका कमरेला ओटी बांधून वेचत होत्या आणि गाडी दिसली की लहान पोरे हात हलवत होती.

डब्यात बसायला जागा नव्हती. पाठीला दप्तर लावलेली दहा-बारा मुले स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला निघाली होती. एक बाप आपल्या मुलाला मांडीवर घेऊन बसला होता. मूल आठ-नऊ वर्षांचे, पण मान धरत नव्हते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ही त्यांची तिसरी खेप होती. समोर एक बाई एक्स-रेचा मोठा पाकीट छातीशी धरून बसली होती. एक म्हातारे गृहस्थ खिशातला कागद पुन्हा पुन्हा काढून पाहत होते. शेवटी त्यांनी आमच्या मुलीला विचारले, “बाई, यात तारीख काय लिवली ते सांग.” तिने वाचून दाखवले. नोटीस बँकेची होती.

त्यावेळी हे फारसे लक्षात आले नाही. संध्याकाळी परतताना मात्र आठवले की, डब्यात प्रत्येकाच्या हातात एक कागद होता, आणि हीच माणसे आमच्या वाचनालयात येतात. आम्ही त्यांना फक्त ‘सभासद’ आणि ‘बिगरसभासद’ अशा दोन रकान्यांत ओळखत होतो.

स्टेशनसमोर

परभणी स्टेशनच्या बाहेर आले की समोरच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. आम्ही चौघांनी वंदन केले. या पुतळ्यापुढे ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी शहर बंद होते, बंदला हिंसक वळण लागले आणि मग धरपकड सुरू झाली. धरलेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. हे सर्व वाचकांना माहीत आहे. इथे ते सांगण्याचे कारण वेगळे आहे.

त्या दिवसांत आमच्या पूर्णेच्या वाचनालयात न वाचणारी माणसेही येऊन बसत होती. कोणाचा भाचा परभणीत शिकायला होता, कोणाचा मुलगा फोन उचलत नव्हता. आया येत, वर्तमानपत्र हातात घेत आणि ज्यांना वाचता येत नाही त्या म्हणत, “नावं वाच की रे.” आम्ही वाचून दाखवत होतो. पण एका आईचे हात थरथरू लागले तेव्हा तिला पाणी द्यावे, बसवावे, तिच्यासोबत कोणी आहे का विचारावे, हे आम्हाला सुचले नाही. वर्तमानपत्र फाटेल म्हणून आम्ही ते तिच्या हातातून हलकेच काढून घेतले. पुस्तकासाठी जीव टाकणारी आपली माणसे, आणि पुस्तकांच्या खोलीत आलेल्या माणसाकडे आमचे लक्ष नव्हते.

स्टेशन रोडने गांधी पार्काच्या बाजूला चालत गेलो. परभणी हे साहित्याचे गाव आहे. कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ (१९१३ ते १९५३) इथलेच. निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात त्यांनी कारकुनी केली. दिवसभर सरकारी खर्डेघाशी आणि उरलेल्या वेळात माणसांची दुःखे कागदावर. आम्हा कारकुनांना त्यांचे नाव घेताना जरा ताठ बसावेसे वाटते. त्यांची आठवण या शहराने जपली आहे, आणि गणेश वाचनालयासारखे जुने वाचनालयही इथे आहे. हैदराबाद संस्थानाच्या या मुलखात १९५५ चा वेगळा ग्रंथालय कायदा होता. पुढे १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. अ, ब, क, ड असे ग्रंथालयांचे वर्ग, वर्षातून हप्त्याने मिळणारे अनुदान, तपासणी, दप्तर हे सर्व त्यातून आले. दाखलनोंद कशी करावी, वर्गीकरण कसे करावे याचे शिक्षणही वर्षानुवर्षे चालत आले आहे. पण दारातून रडत आलेल्या माणसाला काय म्हणावे, हे कोणत्याही रजिस्टरात लिहिलेले नाही.

शिबिरात काय झाले

एका संस्थेच्या वरच्या मजल्यावर सतरंज्या टाकलेल्या होत्या. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, पालम अशा तालुक्यांतून तीसेक माणसे आली होती. बहुतेकांचा पगार सांगायची लाज वाटावी असा. शिकवायला एक निवृत्त ग्रंथपाल सर होते आणि दवाखान्यात समुपदेशनाचे काम करणाऱ्या एक बाई होत्या.

सरांनी सुरुवात रंगनाथन यांच्यापासून केली. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. पुस्तके कपाटात ठेवण्यासाठी नसून वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याला हवे ते मिळाले पाहिजे, त्याचा वेळ वाया जाता कामा नये, अशा आशयाचे ते नियम. सर म्हणाले, “या नियमांत वाचक आधी आहे. आपण उलटे केले. आपण पुस्तक सांभाळतो आणि वाचकावर लक्ष ठेवतो.”

मग त्यांनी बडोद्याची गोष्ट काढली. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत शिपाई फाईल हातात देत नसत, दुरून टेबलावर फेकत. “वस्तू तीच असते,” सर म्हणाले, “पण टेबलापलीकडचा माणूस ती कशी देतो यावरून समोरच्याला आपली किंमत कळते. आपल्यापैकी कोणी पुस्तक फेकून देते का?” खोलीत कोणी बोलले नाही. फेकत आम्ही नव्हतो. पण वर न पाहता सरकवत तर होतोच.

बाईंनी तीन शब्द फळ्यावर लिहिले : पाहा, ऐका, जोडा. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली संकटातल्या माणसाला मानसिक प्रथमोपचार देण्याविषयी एक मार्गदर्शिका काढली, त्यातले हे सूत्र. डॉक्टर नसलेल्या साध्या कार्यकर्त्यांसाठी ते आहे.

पाहा म्हणजे काय? रोज येणारा मुलगा येईनासा झाला, कोणी एकच पान तासभर धरून बसले, कोणाच्या अंगावर वळ आहेत, कोणी मुलाला सारखे गप्प करत आहे, हे नजरेने टिपणे. ऐका म्हणजे मधे न बोलता ऐकणे. ‘सगळ्यांच्याच घरी असतं हो’ असे म्हणायचे नाही. ‘तुम्ही असं करायला पाहिजे होतं’ असेही नाही. आणि जोडा म्हणजे ज्याचे काम आहे त्याच्यापर्यंत माणूस पोचवणे. ग्रंथपालाने डॉक्टर, वकील किंवा पोलीस व्हायचे नाही. बाई म्हणाल्या, “तुम्ही औषध देऊ नका. पण औषध कुठे मिळते ते तुम्हाला ठाऊक पाहिजे. पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे जसे ठाऊक असते तसे.”

एका गृहस्थांनी विचारले, “कोणी मरणाची भाषा बोलला तर? विचारलं तर त्याच्या डोक्यात आणखी भरेल न?” आपल्या कोरडवाहू भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. बाईंनी स्पष्ट सांगितले की, हा गैरसमज आहे. शांतपणे, आडवळण न घेता विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. अशा माणसाला एकटे सोडू नये, घरच्या विश्वासातल्या माणसाला कळवावे आणि मदत गाठून द्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा प्रयत्नाकडे गुन्हा म्हणून न पाहता तीव्र ताणाची खूण म्हणून पाहायला सांगितले आहे. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने गोष्ट दाबून ठेवायचे कारण नाही.

मग जोड्या करून नाटुकले झाले. एकाने वाचक व्हायचे, दुसऱ्याने ग्रंथपाल. आमचे काका दारू प्यायलेल्या बापाची भूमिका करणाऱ्या सेलूच्या तरुणासमोर बसले. सवयीने पहिले वाक्य बोलले, “बाहेर व्हा!” सगळे हसले. दुसऱ्या वेळी म्हणाले, “बसा. पाणी घेता का?” तेव्हा मात्र कोणी हसले नाही.

आमची चूक

दुपारच्या जेवणानंतर बाईंनी प्रत्येकाला आपला एक अनुभव सांगायला लावला. आमचा नंबर आला तेव्हा सांगावे की नाही असे झाले. पण सांगितले. इथेही सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयात एक बाई दुपारी येऊ लागली. वय तिशीचे. दोन वाजता यायची, पंख्याखाली बसायची, पुढ्यात वर्तमानपत्र घ्यायची आणि चारला निघून जायची. एकदा पाहिले तर पान उलटे होते. आठ-दहा दिवस असे चालले. आमचा नियम होता की, तीन दिवसांच्या वर कोणी बसले तर सभासद करून घ्यायचे. महिन्याला वीस रुपये. आम्ही पावतीपुस्तक घेऊन गेलो आणि चारचौघांत म्हणालो, “ताई, वाचायचं असेल तर पावती फाडा. नुसतं बसायला ही धर्मशाळा नाही.” ती उठली, पदर सावरला आणि गेली. पुन्हा आली नाही.

पुष्कळ दिवसांनी कळले की, तिच्या घरी मारहाण होत होती. नवरा दुपारी जेवायला घरी यायचा, त्या दोन तासांत ती बाहेर राहायची. माहेर लांबचे. शेजारी गेले तर शेजाऱ्यांशी भांडण. कोणी काही विचारणार नाही असे उघडे दार वस्तीत एकच होते, ते आमचे. वीस रुपयांसाठी आम्ही ते लावून घेतले. हिशेबाच्या वहीत त्या दिवशी काही फरक पडला नाही. जमा शून्य, खर्च शून्य.

आम्ही बाईंना विचारले, “आता तिच्या घरी जाऊन माफी मागावी का?” आम्हाला वाटले त्या हो म्हणतील. त्या म्हणाल्या, “नका जाऊ. परका पुरुष दारात येऊन तिचे नाव घेईल, तर त्याची किंमत ती मोजेल. तुमचे मन हलके होईल आणि तिचा मार वाढेल.” हे ऐकून आम्ही खाली बसलो. त्या दिवसात शिकलेली सर्वांत अवघड गोष्ट हीच होती. मदत करण्याची आपली घाई ही पुष्कळदा आपल्यासाठी असते.

वही, भिंत आणि मूल

नंतर कामाच्या गोष्टी झाल्या. त्या सविस्तर देतो, कारण कोणत्याही वस्तीतल्या वाचनालयाला त्या करता येतील.

पहिली गोष्ट देवघेवीच्या वहीची. आपल्याकडे ही वही टेबलावर उघडी असते. कोणी कोणते पुस्तक नेले ते सगळे वाचतात. दारू सोडण्याचे, क्षयरोगाचे, एड्सचे, नवरा-बायकोच्या कायद्याचे पुस्तक नेणाऱ्याची दुसऱ्या दिवशी चावडीवर चर्चा होते. म्हणून ही पुस्तके कोणी नेतच नाही आणि आपण म्हणतो, मागणी नाही. वही बंद ठेवावी. असली पुस्तके नोंद न करता तिथेच बसून वाचता येतील अशी ठेवावीत.

दुसरी गोष्ट भिंतीची. मदतीचे नंबर मोठ्या अक्षरांत लावावेत. मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६, ही सरकारी फुकट सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, वृद्धांसाठी १४५६७, कायद्याच्या मोफत मदतीसाठी १५१०० आणि तातडीचा ११२. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना, स्त्रियांना आणि मुलांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याने वकील मोफत मिळण्याचा हक्क आहे; आपल्यातल्या कितीतरी घरांनी हे ठाऊक नसल्याने दागिने मोडले आहेत. एक महत्त्वाची सूचना बाईंनी दिली : छळ होत असलेल्या बाईच्या हातात नंबराची चिठ्ठी देऊ नये, ती घरी सापडते. नंबर बायकांच्या मोरीच्या दाराला आतून लावावा. तिथे एकटी असताना ती वाचू शकते.

तिसरी गोष्ट मुलांची. काही मुले ओरडतात, हात हलवतात, एका जागी बसत नाहीत. आपण आईला म्हणतो, ‘याला बाहेर न्या.’ २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने स्वमग्नतेसह २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली आहे. ही मुले वाचनालयाच्या बाहेर घालवण्यासाठी नाहीत. आठवड्यातून एक तास असा ठेवता येतो की ज्यावेळी आवाज झाला तरी चालेल. अंध वाचकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ ही इंटरनेटवरची सोय २०१६ पासून आहे. ऐकण्याची पुस्तके त्यातून मिळतात.

सरांनी अमेरिकेतले उदाहरण दिले. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ साली पूर्ण वेळेची समाजसेविका नेमली, कारण बेघर माणसे दिवसभर तिथेच येऊन बसत. त्यांना हाकलण्यापेक्षा मदत जोडून देणे ग्रंथालयाला शहाणपणाचे वाटले. मानवतच्या एका ताईंनी लगेच विचारले, “सर, तिथं समाजसेविका नेमली. इथं आमचाच पगार वेळेवर होत नाही. आमचं कोण ऐकणार?” प्रश्न रास्त होता. तुटपुंज्या पैशांवर राबणाऱ्या माणसाने सगळ्यांची दुःखे पोटात घ्यावीत ही अपेक्षा अन्यायाची आहे. सरांनी उत्तर टाळले नाही. म्हणाले, “पगाराची लढाई वेगळी आणि ती लढलीच पाहिजे. शिबिर हा तिच्यावर उतारा नाही. पण तोवर तुम्ही एकट्या नका राहू. तालुक्यात दोघी-तिघींनी महिन्यातून एकदा भेटा आणि आपलेही बोला.”

परतल्यावर

संध्याकाळच्या गाडीत काका पेन्शनीचे काम राहिल्याचे विसरून गेले होते. मिरखेलच्या पुढे अंधार झाला. आमची मुलगी म्हणाली, “आपलं टेबल दाराच्या तोंडाशी आहे. आत येणाऱ्याला पहिल्यांदा पावतीपुस्तक दिसतं.” पुढच्याच रविवारी आम्ही टेबल आतल्या भिंतीला सरकवले. दारापाशी एक बाक टाकला, शेजारी पाण्याचा माठ ठेवला. बसण्याची फी बंद केली. पुस्तक घरी न्यायचे तरच पावती. वही आता कपाटात असते. दुपारी वाचनालयात बसायला काका तयार झाले. म्हणतात, घरी तरी झोपच येते.

फार मोठे काही घडलेले नाही. अभ्यासिकेतला एक मुलगा परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाल्यावर येईनासा झाला होता. मुलीने फोन करून ‘पुस्तक परत कर’ न म्हणता ‘तू कसा आहेस’ एवढेच विचारले. तो आला. गाडीत भेटलेला तो बाप आपल्या मुलाला घेऊन शनिवारी येतो. मूल चित्रांच्या पुस्तकाची पाने फाडते. आम्ही ती डिंकाने चिकटवतो. या वर्षीच्या हिशेबात डिंकाचा खर्च वाढला आहे, तेवढाच.

वाचकहो, आपल्या वस्तीत, विहाराच्या एखाद्या खोलीत, कामगार चाळीच्या कोपऱ्यात कुठे ना कुठे एक वाचनालय असेल. तिथे जाऊन एकदा दारातून आत पाहा. आत येणाऱ्याला आधी काय दिसते? नियमांची पाटी की बसायला जागा?

ती बाई अजून आलेली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो नाही, जाणारही नाही. पंख्याखालची खुर्ची तिथेच आहे. दुपारी दार उघडे असते. ती आलीच तर वर्तमानपत्र सुलटे आहे की उलटे, हे कोणी पाहणार नाही.